चित्राखालचे ‘मले’

माय,

तुझ्याविषयी छापून आलेल्या मजकुरात चार चुका आहेत. त्या आधी दुरुस्त करतो. मुंबईच्या एका लिलावगृहाने तुझे शाईचे चित्र विक्रीस काढले असून कॅटलॉगात त्याखाली लिहिले आहे, ‘शोकमग्न स्त्री, दिवाळीच्या सुमारास, अमरावती.’ तू शोकमग्न नव्हतीस, भेंड्या निवडत होतीस. दिवाळी नव्हती आणि गाव अमरावती नव्हते. चित्राच्या तळाशी तज्ज्ञांना जी ‘शब्द आणि मौन यांच्या सीमेवरची अमूर्त अक्षरलय’ दिसली, ते तुझे धडधडीत मराठी वाक्य आहे. मूळ मजकूर इंग्रजी, भाषांतर माझे. निदान भाषांतरात तरी चूक नाही.

अमरावतीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवीत होतो, तिथल्या चित्रकलेच्या शिक्षकांना त्या दिवशी मी अकोल्यास घेऊन आलो होतो. पुढे ते मोठे आधुनिक चित्रकार झाले. तेव्हा त्यांनी काढलेला बैल बैलासारखा दिसत नाही, एवढीच त्यांची ख्याती होती. पोळ्याचा दुसरा दिवस, कर होती. बार्शीटाकळीच्या आपल्या वावरातल्या भेंड्यांची पाटी पुढ्यात घेऊन तू जुन्या शहरात नेहमीच्या जागी बसली आहेस, आणि ते समोरच्या ओट्यावर मांडीवर कागद ठेवून टाक चालवीत आहेत. तू दोनदा दुर्लक्ष करतेस. तिसऱ्यांदा मान वर करतेस.

“बाबू, मले काहून काढून राह्यला? भेंड्या काढ, त्या हालत नाहीत.”

“भेंड्याईले तुमच्यावानी नाक कुठी हाये, माय!”

तू उठून कागदावर वाकतेस. “हे नाक हाये? मले तं इळा दिसते!”

भोवतालची गिऱ्हाइके हसतात, तूही हसतेस. त्यांनी तुझे पहिले वाक्य, जसे उच्चारलेस तसेच, चित्राखाली उतरवले आणि कागद माझ्या हाती दिला: काचेत बसवून आईला दे. मी तो अमरावतीस नेला. काचेत बसवण्यापूर्वी मी ‘मले’वर जाड रेघ मारून वर ‘मला’ लिहिले आणि ‘काहून’ खोडून ‘का’ केले. ‘काढून राह्यला’पाशी पोहोचेपर्यंत पेनातली शाई संपली, म्हणून ते वाचले.

दसऱ्याला तू माझ्याकडे आलीस. काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलेस आणि विचारलेस, “हे कोन बोलली?”

“तूच.”

“मी ‘मला’ कवा म्हटलं रे? माह्या तोंडात दुसऱ्या बाईचे दात बसवले तुनं!”

मी व्याकरणाचे कारण सांगू लागलो. तू तोंडाला पदर लावून इतकी हसलीस, की मला नियम पुरा करता आला नाही. दुसऱ्या दिवशी चित्र स्वतः उचलून तू त्या शिक्षकांकडे गेलीस. “घेऊन ठेव बाबू. हे बाई काई मी नाही.” तुझे दुसरे चित्र कोणी काढले नाही, फोटो काढून घ्यायला तुला कधी फुरसत झाली नाही.

आता पाचवी चूक. माझ्या त्या जाड रेघेला कॅटलॉगात ‘कलाकाराच्या अंतर्द्वंद्वाची निर्णायक रेषा’ म्हटले आहे. मी खरे सांगितल्यावर नात म्हणाली, “आबा, तुमी तं मॉडर्न आर्टिस्ट निघाले!”

“निघालात,” मी म्हणालो.

लिलाव शनिवारी होता. या टिपेसह चित्र विकले गेले असते, तर तुझे बोलणे कोणाच्या तरी दिवाणखान्यात कायमचे ‘मौन’ होऊन टांगले गेले असते. म्हणून मी मुंबईस फोन लावला. तिकडची मुलगी सौजन्याने बोलली. “काका, त्या खाडाखोडीवर तर सगळे फिदा आहेत. ती तुमची, याला पुरावा काय?” मी कागदभर ‘ला’ लिहिले, नातीने त्याचा फोटो पाठवला. माझ्या ‘ला’चा काना खाली उजवीकडे वळतो, ही एक वाईट सवय मला कधी सोडता आली नाही. संध्याकाळी त्या मुलीचाच फोन आला.

“मान्य, काका. टीप बदलतो. मूळ शब्द सांगा.”

“म. मग ल, त्यावर एक मात्रा.”

“पण ते ‘मला’ असायला हवं ना?”

“नाही. ‘मले’च शुद्ध आहे.”

या शब्दासाठी मी किती वह्यांतले गुण कापले, हे आठवत असतानाच मी हे बोललो. नातीने टाळ्या वाजवल्या. मीही खुर्चीत जरा ताठ बसलो. टीप बदलली, माय: ‘भेंडी विकणारी स्त्री. तळाशी तिचेच वाक्य. दोन शब्द अन्य व्यक्तीने बदललेले.’ वाक्यही पुरे छापले आहे. शुद्धलेखन मी तपासले.

आता तारखा नीट लावून ठेवतो.

चित्र काढले: दिवाळीच्या सुमारास नव्हे, पोळ्याच्या करीला, सकाळी, जुने शहर, अकोला.

चित्र कलाकाराकडे: कॅटलॉगात म्हटले आहे तसे ‘पहिल्यापासून’ नव्हे (ही सहावी चूक), त्या वर्षीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून, तुझ्या हातून.

हे पत्र: टाकायचे नाही, म्हणून तारीख घातलेली नाही.

खाडाखोड: चित्र घरी आणले त्याच दिवशी, चूक दिसताक्षणी केली, असे मी तुला सांगितले होते. ते खरे नाही. तीन दिवस मी ते वाक्य येता-जाता वाचून हसत होतो. खोडले ते गणेशचतुर्थीला दुपारी, हेडमास्तर दर्शनाला येणार असल्याचा निरोप आल्यावर.