खिडकीतल्या कूलरचं पाणी

नागपूर,
२२ ऑगस्ट

श्री. मधुकरराव काका यांना,

सप्रेम जय भीम. काकूंना नमस्कार. घरी सगळे बरे असतील असं धरून चालतो. खाली माझं नाव पाहून पत्र फाडू नका, आधी वाचा.

काल मी डेंग्यूच्या तपासणीला तुमच्याकडे आलो होतो. वरच्या मजल्यावर तुमच्या दीपमालाच्या खिडकीतल्या कूलरच्या टबात टॉर्च मारला, तेवढ्यात तुम्ही मागून म्हणाले, "काहून बे, अळ्या पाहाले आला का खिडकी पाहाले?" मीही उलट बोललो, "उन्हाळा सरला, कूलर कोणासाठी भरून ठेवला?" तुम्ही गेट दाखवलं. माझं डोकं सरकलं, मी निघालो. टब तसाच राहिला.

अळ्या पाण्यात डोकं खाली करून लटकतात, तेवढं प्राणिशास्त्र मी शिकलो आहे. तुमच्या टबात त्याच्या पुढचं होतं. स्वल्पविरामासारखे वाकडे, काळे जीव. ते कोष. कोष काही खात नाही, म्हणून औषध टाकूनही भरवसा नाही. दोनेक दिवसांत त्याची पाठ उकलते अन् डास उडतो. पाणी नालीत नको, कोरड्या जमिनीवर ओता. नुसतं ओतून भागत नाही, अंडी टबाच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी जगतात. काथ्यानं घासा.

ती त्याच खिडकीशी अभ्यासाला बसते. मले कसं माहीत, ते विचारू नका.

मी तिचं नाव कॉलेजभर बदनाम केलं म्हणता. वर्गातला गोलू तिच्याबद्दल वंगाळ बोलला, मी त्याला प्रॅक्टिकलमध्येच बडवला. माझं कॉलेज कायमचं सुटलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तिच्यावर राग काढू नका.

अन् तुमची गल्ली माझ्याकडे नव्हतीच. सोबत काम करणाऱ्या संघपालच्या हातापाया पडून मागून घेतली होती. आज परत केली. हे पत्र घेऊन तोच तुमच्या दारात उभा आहे. साधा माणूस आहे, खिडकीकडे पाहणार नाही. त्याला वर जाऊ द्या.

तिला ताप आला तर वाट पाहू नका, सरळ रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यात न्या. मला कळवलंच पाहिजे असं नाही.

तुमच्या गल्लीत पुन्हा न येणारा,
प्रशिक