टवळीसोबत आलेलं दुखणं

३ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

टवळी अजून म्हाताऱ्याच्या गादीवर घुसखोरी करते का? दोन वर्षांपूर्वी इथल्या उकाड्यात आमच्या कुत्र्यांच्या आश्रयगृहापाशी सापडलेलं ते पिल्लू तुझ्याकडे थंड मुलखात विमानाने पाठवलं, तेव्हा किती कटकट केली होतीस! म्हणे, घरात म्हातारा असताना दुसरं कुत्रं कशाला. आता तुझ्या शिवणाच्या दुकानासमोरच्या बेकरीवाल्या वहिनीही तिच्यावर भाळल्यात. त्यांनाही इथलं पिल्लू हवंय असं तू कळवलंस, म्हणून त्यांच्यासाठी काळतोंड्या निवडलाय. रक्त तपासलं, स्वच्छ आहे. महिनाअखेरीला निघेल.

म्हाताऱ्याचा खोकला काय म्हणतो? वयच झालंय त्याचं. जपा.

लोभ आहेच, त्यात भर घाल.

ताई

२० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

म्हातारा गेला. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही ही आईची शिस्त, म्हणून पत्र.

खोकला वयाचा नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयात जंत झालेत, दोऱ्यासारखे लांब. हा रोग त्यांनी इथे कधी पाहिला नव्हता. म्हातारा तर जन्मात आमची गल्ली सोडून गेला नाही. मग टवळीला तपासलं. तिच्यातही तेच निघालं. डास तिला चावले, मग म्हाताऱ्याला चावले. पूर्वी इथल्या थंडीत हे होत नसे, आता उन्हाळे वाढलेत. ताईने तपासलंय म्हणजे झालं, असं धरून मी तिला पुन्हा कधी नेलंच नाही.

मला रडू येत नाही. पँटी शिवतो, जेवतो, दुकान बंद करतो. टवळीला जंत मारायची इंजेक्शनं चालू आहेत. मेलेले जंत फुप्फुसात अडकतात, धावली तर जिवावर बेतेल, म्हणून मशीनच्या पायाला बांधून ठेवलीय. ती बघत राहते, मी काजं करत बसतो.

वहिनींचं पिल्लू थांबव.

लोभ असू दे.

धाकटा

४ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच काळतोंड्या विमानात बसला. फोन केले, तू उचलत नाहीस. वहिनींचा नंबर माझ्याकडे नाही, सगळं तुझ्यामार्फतच ठरलेलं.

तपासणी खोटी नव्हती रे. इतक्या लहान पिल्लाच्या रक्तात काही दिसतच नाही, जंत वाढायला सहा महिने लागतात. काळतोंड्याही तेवढाच लहान आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घे, एवढं तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काल दिवसभर पिंजरे धुतले. हात चालू होते, बाकी काही नाही.

आता तू वहिनींकडे जा. या जंतांवरचं दर महिन्याचं औषध आजच सुरू करा म्हणावं, सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. त्या हसत हसत पिल्लू तुझ्या हातात देतील. ते घे, आणि तरीही सांग.

लोभ उरला असेल तर कळव.

ताई