पाठीखालची थंड प्लेट

प्रिय बाबा,

उद्या अकरा वाजता मला रुग्णालयाच्या समितीपुढे उभे राहायचे आहे, आणि आज दुपारी आमच्या अधीक्षकांनी मला एक सल्ला दिला. "वडिलांची केस जरूर सांगा, पण वडील म्हणून नको. 'एक वृद्ध रुग्ण' म्हणा. स्वतःची चूक कागदावर कशाला आणता?" ज्यांची केस आहे, त्यांना आधी सांगितलेले बरे, म्हणून हे पत्र.

माझी मागणी साधी आहे. अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक रुग्णाचा रोज सकाळी छातीचा एक्स-रे काढण्याची प्रथा बंद व्हावी. फुप्फुसांत काय चालले आहे ते खाटेपाशीच सोनोग्राफीने पाहावे, आणि एक्स-रे काढावा तो काही नेमका प्रश्न पडला तरच. विरोधक म्हणतात, इतकी वर्षे हेच चालले आहे. हे उत्तर झाले का? कोलकात्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत तुम्ही सिग्नलचे काम पाहिलेत. असे लिहिलेली फाइल तुम्ही शेरा मारून परत पाठवत होता.

आणि ही प्रथा सर्वांत काटेकोरपणे कोण पाळत होते? मीच.

तुम्ही माझ्याच विभागात, सात नंबरच्या खाटेवर होता. पौषातली थंडी, डोक्याला ती माकडटोपी. इतकी वर्षे कोलकात्यात काढून तुम्ही बंगाल्यांकडून तेवढीच घेतलीत, असे आई म्हणायची. सकाळी सहाला यंत्र ढकलत आणले जाई. दोघे जण तुम्हाला कुशीवर वळवून पाठीखाली एक्स-रेची थंडगार प्लेट सरकवत, आणि मास्कमागून आवाज येई, "रोज फोटो काढताय. माझ्यासाठी स्थळ बघताय का गं?"

"नियम आहे, बाबा."

"कोणाच्या सोयीचा?"

आणि मी यंत्र पुढच्या खाटेकडे न्यायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी तुमची धाप वाढली. फिल्मवर डावीकडे पांढुरके, धूसर दिसत होते. मी न्यूमोनिया ठरवला आणि औषध बदलले. माझ्या हाताखालची डॉक्टर मौसुमी म्हणाली, "मॅडम, सोनोग्राफीचं मशीन इथेच आहे. दोन मिनिटं बघू?"

"फिल्म वाचता येत नाही का तुला?" मी सगळ्यांसमोर म्हणाले.

पुढचे दोन दिवस तुम्ही उशांना टेकून बसून काढलेत, कारण आडवे झाले की जीव घुसमटे. फिल्मसाठी मात्र तुम्हाला रोज सपाट निजवले जाई. माझ्याच आदेशाने.

पाचव्या दिवशी मौसुमीने मला न विचारता तुमच्या छातीला सोनोग्राफीचा प्रोब लावला. पडद्यावर बरगड्यांमागे काळा पट्टा दिसला. पाणी होते. आडव्या माणसाच्या छातीतले पाणी पाठीकडे पसरते आणि फिल्मवर नुसते धुके दिसते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, बाबा. दरवर्षी शिकवते.

पाणी काढले, आणि त्या दुपारी तुम्ही सपाट झोपलात, चक्क घोरत. जागे झाल्यावर मौसुमीला हिंदीत म्हणालात, "हिच्यावर रागावू नकोस. हिला पहिल्या नंबराची सवय आहे." हे तुम्ही मला सांगायला हवे होते. तिला का सांगितलेत?

आठवड्याने तुमचे हृदय थांबले. ते त्या पाण्यामुळे नव्हे. हृदय आधीच थकले होते, आणि माझा नसलेला दोष मी ओढवून घेणार नाही. ते दोन दिवस मात्र माझे आहेत.

तेव्हा अधीक्षकांना मी कळवून टाकले आहे की 'एक वृद्ध रुग्ण' असा कोणी नव्हता. उद्या मी तुमचे पूर्ण नाव घेईन, माझ्या सहीचा आदेश दाखवीन, आणि तिने काय पाहिले ते मौसुमी स्वतः सांगेल. सोनोग्राफीला सगळेच दिसत नाही, श्वासासाठी घातलेल्या नळीचे टोक कुठे पोहोचले हे पाहायला एक्स-रे लागेल, हेही मीच सांगेन, विरोधकांनी तोंड उघडण्याआधी. अशी चूक करणारीने विभाग चालवावा का, असे कोणी विचारील. खुशाल विचारू दे.

समितीने नकार दिला तरी परवापासून माझ्या विभागात लेखी कारणाशिवाय एकाही रुग्णाच्या पाठीखाली प्लेट जाणार नाही. त्यापायी खुर्ची गेली तर जाईल. पण ती माझी आहे तोवर सकाळी सहाला माझे रुग्ण झोपलेले असतील, हे माझे तुम्हाला वचन.

तुमची,
विभा