जाड पुठ्ठा की पेपरबॅक

सोमवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा तेच. चहाचं आधण ठेवायच्या आधी सुरू! जाड पुठ्ठ्याचं घ्यायचं की पेपरबॅक.

चूक माझीच. दिराचा फोन आला होता — "वहिनी, दादाच्या वाढदिवसाला ते डोंगरातल्या लढाईचं नवं पुस्तक देतो. दोन्ही तऱ्हेचं मिळतं. कुठलं हवं ते विचारून ठेवा." विचारलं. आता भोगा!

हे म्हणतात, "लढाईचं पुस्तक आणि पेपरबॅक? म्हणजे सेनापतीला गंजीफ्रॉकवर उभं करायचं."

म्हटलं, अहो, झटका आल्यापासून उजवा हात ऐकत नाही तुमचा. कप उचललात की मला खाली बशी धरावी लागते. तो धोंडा पेलणार कसा?

"धरायचं मला आहे. ज्याने धरायचं त्याने ठरवायचं. तू कशाला मध्ये?"

बरं बाबा. माझ्याकडे गणवेशांचा ढीग पडलाय शिवायचा. मला काय!

बुधवार, ७ फेब्रुवारी

बटणांचा डबा रिकामा! सगळी बटणं यांच्या पलंगावर. चादरीवर पांढरी एकीकडे, काळी दुसरीकडे, मध्ये माझी मापाची टेप. ती म्हणे नदी. पुस्तकातला नकाशा बघायचा आणि फौजा हलवायच्या, हा नाद क्रेन चालवायचे तेव्हापासूनचा. कामावरून आले की हेच.

म्हटलं, "माझी फौज परत करा. गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"पांढऱ्यांना वेढा पडलाय. उद्या सुटतील."

मी हसले नाही. आत जाऊन हसले.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

चार कॉलर उलट्या लागल्या. उसवल्या. डोळे मिटतायत.

शनिवार, १० फेब्रुवारी

दीर दोन्ही पुस्तकं घेऊनच आला. आवडेल ते ठेवा, दुसरं परत नेतो म्हणाला.

यांनी जाडं उचललं. त्यात नकाशा घडी घालून चिकटवलेला, उलगडला की उशीच्या अभ्र्याएवढा. चेहरा असा खुलला — किती दिवसांनी! पेपरबॅकमधला नकाशा दोन पानांवर छापलेला, मधला भाग पार शिवणीत गेलेला. "बघ, अख्खी टेकडी गिळली!" म्हणाले.

आणि बोटं सुटली. पुस्तक थेट पायाच्या अंगठ्यावर. पुठ्ठ्याचा कोपरा चेपला, नख काळंनिळं. यांनी पाय चादरीखाली ओढून घेतला. दिराने पुस्तक उचललं.

मी म्हटलं, "झालं समाधान? भाऊजी, पेपरबॅक राहू द्या इथे. हे घेऊन जा."

"चेपलेलं आता दुकानदार घेणार नाही, वहिनी. माझ्याकडे राहील," म्हणाला आणि पिशवीत टाकलं.

हे भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

पेपरबॅक वाचतायत. सुटले बाई! एका हातात मावतं. पान उलटतं, थांबतं, उलटतं. मी म्हटलंच होतं.

"कसं आहे?" विचारलं तर "ठीक." मीठ कणभर कमी पडलं तर जेवण होईपर्यंत बोलणारा माणूस — "ठीक"!

बटणं सगळी डब्यात परत आलीत. मी मागितली नव्हती.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

भाऊजी यांना न्हाव्याकडे घेऊन गेले होते. पलंग झाडायला घेतला. पुस्तकातल्या एका पानाचा कोपरा खुणेसाठी दुमडलेला दिसला. एवढं नवं पुस्तक, म्हणून त्याजागी फितीचा तुकडा घालायला गेले.

चौथीपर्यंतच शिकले, पण आकडा माझा चुकत नाही, मापं त्याच्यावरच तर चालतात. चौसष्टच्या पुढे पान तेहतीस. परत तेहतीस ते चौसष्ट. मग एकदम सत्त्याण्णव! बांधणाऱ्याने एकच गठ्ठा दोनदा घातला आणि मधला विसरला. अर्धी लढाईच गायब.

आणि हे तर त्याच्याही पुढे पोचलेले.

आल्यावर म्हटलं, "अहो, तीच पानं दोनदा वाचलीत. मधली नाहीतच. बोलला का नाही?"

पुस्तक मांडीवर घेतलं. त्या पानावरून अंगठा फिरवत राहिले.

"अक्षरं दिसतात गं. लागत नाहीत. झटक्यापासून." मग म्हणाले, "नकाशा तेवढा कळतो."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय सांगू? जन्मभर वाचत आलो आणि आता 'क' ओळखू येत नाही म्हणून?"

म्हणून जाड पुठ्ठा! आणि मी हाताचंच धरून बसले.

गणवेश तसेच राहिले. मशीनवर बसले, पण पाय हलेना.

शनिवार, १७ फेब्रुवारी

डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. हे कुरकुरले. कुरकुरू देत.

सकाळी पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं. अडखळतच. एका सेनापतीचं नाव असं काही उच्चारलं की हे खो खो हसले. काळी बटणं पुन्हा चादरीवर.

पानं चुकल्याचं दिराला कालच सांगितलं होतं. आज त्याचा फोन — "वहिनी, दुकानदार बदलून देतोय. या वेळी कुठलं आणू? दादाला विचारा."

विचारलं नाही. म्हटलं, ते चेपलेलं नकाशासाठी घेऊन या. आणि बदलून पेपरबॅकच आणा.

धरायचं मला आहे.