टँकर आलेल्या लग्नाची डिस्क

प्रिय दादा,

माझ्या नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही! माझ्याच यंत्राने माझ्याच लग्नाला प्रवेश नाकारावा, या अन्यायाची दाद मी कुठं मागू? म्हणून पैठण गेटजवळच्या एका जुन्या दुकानात स्टुलावर बसलोय. दुकानदार माझ्या लग्नाची डिस्क नव्या डिस्कवर उतरवतोय. "भाई, बहोत घिसी है. एक बार चली तो चली," म्हणाला. हातांना काहीतरी काम हवं, म्हणून बिलाच्या पाठीवर तुला लिहितोय.

तुझी सोनी परवा नर्सिंगला नागपूरला चाललीय. काल म्हणाली, "काका, बाबांचा आवाज आहे का कुठं?" तू गेलास तेव्हा ती बोलायलाही लागली नव्हती रे. मी ऐटीत म्हणालो, "आहे की!" आणि मग आठवत बसलो, कुठं?

जन्मभर तू लोकांच्या लग्नांची शूटिंग करत कॅमेऱ्याच्या मागं. जिथं म्हणून तुझा आवाज आला, तिथं तू तो पुसून वर सनईची धून चढवलीस. इतकं नीटनेटकं असावं का माणसानं?

आणि त्या सोनेरी डिस्कांचं काय वेड तुला! शेंद्र्याला कंपन्या आल्या, करमाडच्या नवरदेवांना पगार सुरू झाले, आणि तुला वाटलं, आता लोकांना डिस्कच्या पाठीवर यंत्रातल्या लेसरनं नाव कोरून हवं. स्वस्तात मिळतात म्हणून शंभर उचलल्यास. गावात प्यायला पाणी नाही आणि घरात शंभर डिस्का! पहिल्या दिवशी नाव काही उमटेना. मी तुझी अक्कल काढत होतो. शेवटी आईनंच चुलीपासून विचारलं, "पालथी घातली का?" तू डिस्क उलटलीस, नाव उमटलं. "भाकरीवानीच हाय की रं!" म्हणून किती हसलास!

माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत पाण्याचा टँकर आला. हातातल्या अक्षता टाकून अख्खा मांडव हंडे घेऊन पळाला. सवयीनं मीही दोन पावलं टाकली! मागून तू ओरडलास, "आरं नवरदेवा, तू तरी थांब!"

"दादा, तेवढं काप," नंतर शूटिंग बघताना मी हात जोडले.

"नाय कापणार. लई भारी आलंय."

मला राग आला. लेबलचा मजकूर मी लिहायचो. माझ्या डिस्कच्या मजकुरातून मी तुझं नावच उडवलं. तू पाहिलंस आणि तसंच कोरलंस. एक शिवी तरी हासडायचीस!

थांब. यंत्र अडखळलंय. दुकानदारानं बोट ओठांवर ठेवलंय, जसं काही मी बोललो तर ते बिचकेल. दादा, आता रुसू नकोस. माझ्यावर रुस, सोनीवर नको...

झालं! त्यानं नवी डिस्क लावून पाहिली. दुकानभर तुझा आवाज घुमला. तो दचकून म्हणाला, "ये कौन चिल्लाया भाई?"

"माझा मोठा भाऊ," मी म्हणालो. तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. तो समजला असावा, त्यानं लगेच लावलं. मग खाकरून म्हणाला, "एक का क्या करते? पूरा डिब्बा लेओ, सस्ते में देतूं." घेतला. घराण्याचा आजार आहे.

लेबलवर काय कोरू, त्यानं विचारलं. मी कागदावर लिहून दिलं: "शूटिंग : दत्ता". आमची, नवरा-नवरीची, नावं नकोत म्हटलं.

सोनीला सांगेन, ही उन्हात ठेवू नकोस, अक्षरं उडतात. आणि तुला शब्द देतो, तुझ्या त्या ओरडण्यावर मी कुणाला सनई चढवू देणार नाही.

तुझा धाकटा,
सुभाष