मुसळाच्या ठोक्यावरचे पाढे

रामपायली, ९ डिसेंबर १९६१

प्रिय वसंतादादा, तुला आणि वहिनीला अंजनाचा मनापासून जयभीम.

इथे सगळे बरे आहेत. धान घरात आलं. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

सुलू चौथीत गेली. धान सडताना मी तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायची, आपली आई घ्यायची तसेच, मुसळाच्या एकेका ठोक्याला एकेक ओळ. सुलूचे सगळे पाढे पाठ झाले. परवा शाळेत तिने ते तसेच मराठीत म्हटले. इकडची शाळा तर हिंदी, आपल्या माहेरासारखी मराठी नाही. गुरुजी म्हणाले, "तेरी माँ की पाठशाला अलग है क्या?" सगळा वर्ग हसला.

घरी येऊन म्हणाली, "आई, तू मले शिकवू नको."

"हौ," म्हटलं. दुसरं काय म्हणणार, दादा?

आईला अक्षरही येत नव्हतं, तरी आपण तिच्याजवळ बसून शिकलो. मी चौथी पास, आणि मी मुसळ उचललं की माझी मुलगी पाटी घेऊन शेजारच्या ओसरीवर जाते.

तुझ्या पोरांना तू जवळ घेऊन बसतोस ना? बसत जा.

उत्तरात सुलूला दोन ओळी हिंदीत लिही. अक्षरं तीच, पण मराठी ती आता वाचत नाही.

तुझी,
अंजना