इंग्रजीत हाक मारलेली अक्षरं

पप्पा, इथे आखातात, उम्म सलाल मोहम्मदमधल्या कोल्ड स्टोअरची, म्हणजे किराणा दुकानाची, हिरवी पाटी मी केली. अल नस्रमधल्या शिंप्याची काच, दोन न्हाव्यांच्या दारांवरच्या कात्र्या, एका मासळीवाल्याच्या पाटीवरचा हामूर मासा कल्ल्यांसकट. सगळं ब्रशनं, स्टिकर एकही नाही. तुम्ही शिकवलं नाहीत. वसईच्या किनाऱ्यावर तुम्ही होड्यांवर नावं लिहायचात आणि मी मागे उभा राहून बघायचो. एकदा मी खडूनं कडा आखून आत रंग भरला, तर तुम्ही रॉकेलच्या बोळ्यानं सगळं पुसून टाकलंत. "रंगवतोस काय? लिही." एवढीच माझी शाळा.

मध्यंतरी एक चिनी माणूस आला. वेस्ट बेमध्ये हॉटेल काढतोय, पाटी हातानं लिहिलेली हवी, हल्ली तीच फॅशन आहे म्हणे. मी कागद पुढे केला, म्हटलं, नाव लिहून दाखव. अक्षरं तीन. दोन लिहिली, तिसऱ्याच्या मध्यावर पेन अडलं. हवेत बोट फिरवतोय, छताकडे बघतोय. मग हसला आणि फोन काढला. इंग्रजी अक्षरांत नुसता उच्चार टाइप केला, की खाली त्या उच्चाराची चिनी अक्षरं ओळीनं उभी, लेबर कॅम्पच्या गेटवर माणसं उभी राहतात तशी. त्यानं एकावर बोट ठेवलं. "धिस वन."

"हे तुला लिहिता येत नाही?"

"वाचता येतं. रोज टाइप करतो. हातानं लिहितं कोण, माय फ्रेंड?"

घरचं अक्षर परक्याच्या लिपीत हाक मारून बोलवायचं, आणि आलं की "हाच तो" म्हणायचं. अशाला मी साक्षर म्हणत नाही. हजेरी घेणारा मुकादम म्हणतो. शिवाय फोनमधलं अक्षर आयतं उगवतं, हात कुठून निघाला, कुठे दाबला, काही कळत नाही. मी त्याच्याकडून एका जुन्या, ब्रशनं लिहिलेल्या पाटीचा फोटो मागवला. सुरुवात जाड, शेपूट बारीक, त्यावरून हाताची वाट काढली. अर्थ मला ठाऊक नाही. पण ती तीन अक्षरं मी लिहिली पप्पा, रंगवली नाहीत.

पाटी न्यायला आला तेव्हा त्याची नजर भिंतीवर गेली. आपल्या होडीच्या नावाचा पत्रा तिथे लावलाय, तुमच्या हातचा.

"हेही तूच?"

"माझे वडील."

"माझा भाऊ फोनसाठी अक्षरं बनवतो. यांची सगळी अक्षरं तू काढून दे. मग कोणीही इंग्रजीत टाइप करेल, आणि तुझे वडील येतील."

"खलास," मी म्हटलं. "पाटी उचल, यल्ला, नीघ."

गेला तो. तुम्ही गेलात, तुमच्या अक्षराचं वळण आता फक्त माझ्या हातात आहे. मुलीला ब्रश दिला तर म्हणते, "डॅडा, व्हाय?" माझ्यानंतर कोणाला येणार नाही, हे त्याला घालवतानाच मला ठाऊक होतं.

हे पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून सांगतो. मी हे फोनवर लिहितोय, तेही इंग्रजी अक्षरं दाबून. पी, ए, पी, पी, ए दाबलं आणि "पप्पा" आलं. कोणाच्या हातचं, देव जाणे. त्या चिनी माणसानं तुमच्या अक्षरांचे बारा हजार रियाल देऊ केले होते. मी नाही म्हणालो.